तुला काय दिसतंय?

ओळख झाली आणि मी काय काम करते हे कळलं की समोरचा माणूस दोन मिनिटांत एका प्रश्नावर येतोच. "मग आत्तापर्यंत किती जणांना वाचवलं तुमच्या रोबोनं?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, उलट कौतुकच असतं, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं हा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण ढिगाऱ्यात शिरून, अडकलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर घेऊन येईल असा रोबो माझ्याकडे नाही. मग मी काहीतरी गोलगोल बोलायचे, सेन्सर, मॅपिंग, एआय वगैरे, आणि समोरचा मान डोलवायचा.

आता मी सरळ सांगते. माणसांना माणसंच बाहेर काढतात. आत काय आहे एवढं आमचा रोबो त्या माणसांना सांगतो. आणि हे एवढं नीट सांगता यावं म्हणून माझी वीसेक वर्षं गेलीत, अजूनही ते पूर्ण जमलंय असं मी म्हणणार नाही. त्याबद्दलच लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

या कामाची सुरुवात कुठून झाली असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी १९९५ साल सांगते. त्या वर्षी १७ जानेवारीला पहाटे जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. सातोशी ताडोकोरो तेव्हा कोबे विद्यापीठातच रोबोटिक्सचे प्राध्यापक होते. ज्या देशातल्या कारखान्यांत इतके रोबो राबत होते त्या देशात ढिगारा उपसायला मात्र शेजारीपाजारीच धावले, हाताला लागेल ते घेऊन, पहार नाहीतर गाडीचा जॅक. आणि तीनच महिन्यांनी, १९ एप्रिलला, अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीबाहेर बॉम्ब फुटला, १६८ जण मेले, त्यात १९ लहान मुलं. तिथे मदतीला गेलेल्यांत जॉन ब्लिच नावाचे एक लष्करी अधिकारी होते, ते त्या वेळी रॉबिन मर्फी यांच्याकडे रोबोटिक्स शिकत होते, आणि परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यातून मर्फींच्या संशोधनाची दिशाच बदलली. एकीकडे जपान, एकीकडे अमेरिका, दोघांची ओळखदेख नसताना दोघांनाही एकच गोष्ट लागली की जगात इतके रोबो आहेत, मग इथे एकही का नाही?

मी शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की हे उत्तर आपण देऊ शकतो. हुशार रोबो बनवायचा, जो स्वतःच ढिगाऱ्यात शिरेल, स्वतःच नकाशा काढेल, स्वतःच माणूस ओळखेल आणि बाहेर येऊन सांगेल. तेव्हा ते माझं अगदी मनापासूनचं स्वप्न होतं.

मग ११ सप्टेंबर २००१ आलं. न्यूयॉर्कच्या त्या ढिगाऱ्यावर पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या आपत्तीत बचावकार्यासाठी रोबो उतरवले गेले असं मानलं जातं. ब्लिच तेव्हा आपत्तीतल्या बचावासाठी रोबो वापरण्यावर काम करणाऱ्या, नव्यानेच उभ्या राहिलेल्या क्रासार या संस्थेचे प्रमुख होते, मर्फी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पोचल्या, आणि ही मंडळी २ ऑक्टोबरपर्यंत तिथे काम करत होती. जे रोबो सगळ्यात जास्त कामी आले ते बुटाच्या खोक्याएवढे होते. मीटरभरसुद्धा रुंद नसलेल्या फटीत, जिथे माणूस जाऊ शकत नाही आणि कुत्र्यालाही पाठवता येत नाही, तिथे हे सोडायचे. काठीला बांधलेला कॅमेरा दोनेक मीटर आत बघू शकायचा, रोबो पाच ते वीस मीटर आत गेले. जिवंत कोणी सापडलं नाही. मृतांचे अवशेष सापडले.

या सगळ्यात माझं लक्ष अडकलं ते एका छोट्या गोष्टीवर. सोलेम नावाचा एक थोडा मोठा रोबो होता, वायरलेस, म्हणजे त्याला केबल नव्हती, सेफ्टीचा एक दोर तेवढा बांधलेला. आत गेल्यावर त्याचा संपर्क तुटला. ओढून काढायला गेले तर दोर तुटला आणि रोबो आतच राहिला. आणि बुटाच्या खोक्याएवढे ते छोटे रोबो मात्र केबलला लटकवून विहिरीत पोहरा सोडावा तसे खाली सोडत होते आणि तसेच वर ओढून घेत होते. आम्ही इंजिनीअर लोक केबलचा मनापासून राग करतो, ती गुंतते, अडकते, जड होते, दिसायला बावळट दिसते. तो राग माझ्या मनातून जायला मला बरीच वर्षं लागली.

आता माझी गोष्ट सांगते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही आमचा रोबो एका अग्निशमन दलाच्या सरावाच्या मैदानावर घेऊन गेलो होतो. तिथे सरावासाठी मुद्दाम रचलेला ढिगारा असतो, तुटके स्लॅब, सिमेंटचे पाइप, वाकलेल्या सळ्या, आणि आत कुठेतरी दोन-तीन पुतळे ठेवलेले. माझा रोबो लेझरने नकाशा काढायचा, फार सुंदर नकाशा, रंगीत, फिरवून बघता येणारा, आणि मी तो तिथल्या अधिकाऱ्यांना स्क्रीनवर दाखवत होते. पंचावन्नच्या पुढचे असतील ते, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, मला एवढंच सांगा, माझ्या पोरांना आत पाठवू का नको?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशा होता, पण वरचा स्लॅब कशावर टेकलाय, टेकूला लावलेली भिंत सरकतेय का, खाली पाणी साचतंय का, गॅसचा वास येतोय का, यातलं काहीही त्यात नव्हतं. मी तीन वर्षं जे बनवत होते ते मला हवं होतं म्हणून बनवत होते. त्यांना काय हवंय हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांचा प्रश्न किती जड होता हे मला नंतर आकडे वाचल्यावर कळलं. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात १३५ बचावकर्ते मेले, त्यातले ६५ जण ज्या पोकळीत शिरले होते तिथे पाणी भरलं म्हणून गेले. पासष्ट माणसं, दुसऱ्याला वाचवायला आत उतरलेली. त्यामुळे "इथे आत जाऊ नका, इथे कोणी नाहीये" हे खात्रीने सांगता आलं तर तेही वाचवणंच आहे. त्याची बातमी होत नाही, फोटो निघत नाही, पण त्या फटीत न शिरलेला माणूस रात्री घरी जातो. शिवाय तोच माणूस, तोच वेळ, शेजारच्या ज्या फटीत खरंच कोणी असू शकतं तिथे वापरता येतो. पहिले दोन-तीन दिवस हेच सगळं गणित असतं, तास कमी आणि फटी शेकड्याने.

त्याच दिवशी दुपारी दुसरी गोष्ट घडली आणि ती मला आजही तशीच्या तशी दिसते. नकाशा बाजूला ठेवून मी साध्या कॅमेऱ्यावर रोबो चालवत होते. ढिगाऱ्यातला कॅमेरा म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. सगळं एकाच रंगाचं, राखाडी, कारण सिमेंटची धूळ प्रत्येक गोष्टीवर बसलेली असते, लाकूड, कापड, लोखंड, कातडी, सगळं सारखंच. रोबोचा स्वतःचा दिवा त्या धुळीवरून उलटा डोळ्यात येतो. आपण कुठे वळलो, किती चढलो, रोबो सरळ उभा आहे का कलंडलाय, काही कळत नाही. किल्लीच्या भोकातून अंधाऱ्या खोलीत बघत बघत त्या खोलीत चालायचं असं काहीतरी. माझं सगळं लक्ष रोबो ज्यांवर चालतो त्यातल्या डाव्या पट्ट्यात अडकलेल्या सळीकडे होतं. मागे-पुढे, मागे-पुढे, कपाळावर घाम. आणि माझ्या पाठीमागे एक तरुण फायरमन नुसता उभा होता, त्याला खरं तर कोणी बोलावलंही नव्हतं, तो चहाला जाताजाता थांबला होता. तो म्हणाला, "मॅडम, जरा मागे घ्या. ते बोट आहे."

मी मागे घेतलं. मला दगडाचे तुकडे दिसत होते. तो म्हणाला उजव्या कोपऱ्यात, वरती, आणि मग दिसलं. चार तुकडे एका ओळीत, सारख्या अंतरावर. पुतळ्याची बोटं होती. मी त्यांच्यावरून दोनदा कॅमेरा फिरवला होता.

तो पुतळा होता म्हणून मी आज हे लिहू शकतेय.

नंतर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही, यावर मर्फी आणि जेनी बर्क यांच्यासारख्या लोकांनी नीट अभ्यास केलेला होता. खऱ्या बचाव पथकांसोबत सराव करताना बघितलं तर ऑपरेटरचा निम्म्याहून जास्त वेळ आपला रोबो नक्की कुठे आहे, कसा आहे आणि समोर दिसतंय ते काय आहे हे समजून घेण्यातच जातो, रोबो हलवणं त्यामानाने कमी. आणि जिथे दोघं जण एकत्र बसून, स्क्रीनकडे बघत, मोठ्याने बोलत काम करतात तिथे सापडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. एकाने चालवायचं, एकाने बघायचं, आणि दोघांनी सतत बोलायचं. माणसांची संख्या कमी व्हावी म्हणून रोबो आणायचा असं आम्हाला शिकवलेलं, आणि इथे एका छोट्या खोक्याला दोन माणसं लागत होती, केबल धरणारा धरला तर तीन. सुरुवातीला मला हे हरल्यासारखं वाटलं. आता मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवते, कंट्रोलर हातात द्यायच्या आधी.

थकव्याचंही तसंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आपत्ती म्हणजे धावपळ. असते धावपळ, पण त्यापेक्षा जास्त असते ती झोपेची कमतरता. पहिल्या दोन दिवसांत पथकातल्या लोकांना जेमतेम दोन-तीन तास झोप मिळते, आणि अशा डोळ्यांनी ते राखाडी चित्र बघायचं असतं. म्हणून स्क्रीनवर एक जरी बटण कमी करता आलं तर मी ते करते. प्रयोगशाळेत आरामात बसून, कॉफी पिऊन डिझाइन केलेला इंटरफेस पहाटे चार वाजता हातमोजे घातलेल्या माणसाला वापरायचाय हे लक्षात ठेवायला लागतं. ढिगाऱ्यातले रोबो बंद पडण्याच्या कारणांत माणसाची चूक हे फार मोठं कारण आहे, आणि माझ्या मते त्यातल्या बऱ्याच चुका मुळात आमच्या, डिझाइन करणाऱ्यांच्या असतात.

केबलकडे परत येते, कारण फुकुशिमाबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

११ मार्च २०११, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी, आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जपान म्हणजे रोबोंचा देश, मग त्यांचे रोबो कुठे आहेत असं तेव्हा जगभर विचारलं गेलं. अणुभट्टीच्या इमारतींत एप्रिलमध्ये आधी अमेरिकेहून आलेले पॅकबॉट नावाचे रोबो गेले. जपानचा स्वतःचा रोबो, क्विन्स, जूनमध्ये गेला. यामागे एक गोष्ट आहे जी मला फार लागते. १९९९ मध्ये तोकाईमुरा इथे अणुइंधनाच्या कारखान्यात अपघात झाला होता, आणि त्यानंतर अशा प्रसंगांसाठी सरकारी पैशातून रोबो बनवलेही गेले होते. मग काही वर्षांत असं ठरलं की आपल्याकडे असा मोठा अपघात होणारच नाही, याची गरज नाही, आणि ते काम थांबलं. बनवणारी माणसं दुसऱ्या कामांना लागली. गरज पडली तेव्हा रोबो तयार नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते चालवायला शिकलेली माणसं तयार नव्हती.

क्विन्स मुळात अणुभट्टीसाठी बनवलेलाच नव्हता. चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि तोहोकू विद्यापीठातल्या मंडळींनी तो भुयारी रेल्वे स्टेशनं वगैरे ठिकाणच्या अपघातांसाठी बनवला होता, पट्ट्यांवर चालणारा, चारी कोपऱ्यांना वर-खाली हलणारे छोटे पट्टे, म्हणजे फ्लिपर, त्यामुळे तो जिने फार छान चढतो. फुकुशिमाला पाठवायचं ठरल्यावर दोन प्रश्न आले. एक, रेडिएशनमध्ये त्याचे इलेक्ट्रॉनिक भाग किती टिकतील, तर त्यांनी एकेक भाग किरणोत्सर्गाखाली ठेवून तपासला. दुसरा प्रश्न मोठा होता. अणुभट्टीच्या भिंती इतक्या जाड की वायरलेस आत पोचतच नाही. म्हणजे केबल. शेकडो मीटर केबल, रीलवर गुंडाळलेली, रोबोच्या पाठीवर, जाताना सोडत जायची आणि येताना गुंडाळत यायची.

पहिल्याच खेपेला, २४ जूनला, दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत तळघरात उतरायचं होतं, पाण्याची पातळी मोजायला. जिन्याचा मधला टप्पा नकाशात दाखवला होता त्यापेक्षा अरुंद निघाला. रोबो वळेना. परत यावं लागलं. मला हे वाचताना त्या पांढऱ्या भुवयांच्या अधिकाऱ्यांची आठवण झाली होती, ते म्हणायचे कागदावरची इमारत आणि उभी असलेली इमारत या दोन वेगळ्या इमारती असतात, आणि पडलेली ही तिसरी. पुढच्या महिन्यांत मात्र क्विन्सने खूप काम केलं, जिने चढून वरच्या मजल्यांवर गेला, किरणोत्सर्ग मोजला, फोटो आणले, म्हणजे कुठल्या मजल्यावर माणूस किती मिनिटं उभा राहू शकतो हे पहिल्यांदा कळलं. मग २० ऑक्टोबरला, परत येताना तिसऱ्या मजल्यावर केबल तुटली. तो तिथेच राहिला.

मी त्या टीमला ओळखत नव्हते, पण ती बातमी वाचून मी त्या दिवशी काम करू शकले नाही. ज्यांनी तो बनवला होता त्यांनी नंतर जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं. रडत बसले नाहीत, काय चुकलं ते सगळं उघडपणे लिहून काढलं, आणि पुढचे क्विन्स बनवताना केबलचं काम सुधारलं. आपत्तीच्या कामात अपयश लपवणं म्हणजे पुढच्या वेळच्या कुणाचा तरी जीव घेणं आहे, असं मी अगदी स्पष्टपणे म्हणते. आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा ठेवा म्हणजे हे असे प्रामाणिक रिपोर्ट.

फुकुशिमानंतर अमेरिकेत दार्पाने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, रोबोंची मोठी स्पर्धा भरवली, जून २०१५ मध्ये पोमोनाला फायनल झाली. गाडी चालवून यायचं, उतरायचं, दार उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, भिंत कापायची, राडारोडा पार करायचा, जिना चढायचा, अशी सगळी मिळून आठ कामं, त्यातली ही काही. दोन पायांवर चालणारे मोठमोठे रोबो दाराच्या कडीला हात लावतानाच आडवे होत होते आणि त्यांचे व्हिडिओ लोकांनी हसतहसत शेअर केले. मला हसू आलं नाही. दार उघडणं अवघड आहे, फार अवघड आहे, आणि हे सगळ्या जगाला एकदा दिसलं हे बरंच झालं. जिंकला तो दक्षिण कोरियाच्या कैस्ट या विद्यापीठाचा हुबो, आठही कामं ४४ मिनिटं २८ सेकंदांत, आणि त्याची खुबी काय तर जिथे गरज नाही तिथे तो चालायचाच नाही, गुडघ्यावर बसायचा आणि गुडघ्यांना लावलेल्या चाकांवर सरकत जायचा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा व्हिडिओ दाखवते. उगाच उभं राहू नका, बसून काम होत असेल तर बसा.

लोकांना रोबो म्हटलं की माणसासारखा काहीतरी हवा असतो. प्रत्यक्षात कामी येतं ते बऱ्याचदा अगदी साधं असतं. ताडोकोरो यांच्या टीमचा ॲक्टिव्ह स्कोप कॅमेरा म्हणजे दिसायला पाण्याची नळी, तिच्या अंगावर बारीक केसासारखे तंतू, नळी थरथरली की ते तंतू जमीन मागे ढकलतात आणि नळी स्वतःच पुढे सरकते. बस. अमेरिकेत जॅक्सनव्हिल इथे बांधकाम चालू असलेलं पार्किंग कोसळलं होतं तिथे २००८ च्या सुरुवातीला तो वापरला गेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले होते, तिथे राडारोड्यातून आरपार घुसवलेल्या सहा इंची पाइपमधून एंडोस्कोपीसारखा कॅमेरा आत गेला आणि ते चेहरे पहिल्यांदा बाहेर दिसले, ती पहाट मी विसरणार नाही. आडवं भोक पाडणारं मोठं ऑगर मशिन मोडलं, शेवटचे काही मीटर हाताने खणणाऱ्या कामगारांनी पार केले आणि सतराव्या दिवशी सगळे बाहेर आले. यात माझ्या क्षेत्राचा अपमान आहे असं काहींना वाटलं. मला तसं अजिबात वाटत नाही. ज्याच्याकडून जे होतं ते त्याने करावं.

आणि शांततेबद्दल लिहायचं राहिलं. कोसळलेल्या इमारतीवर काम चालू असताना मधेच सगळी यंत्रं बंद करायला सांगतात. जेसीबी, जनरेटर, गाड्या, सगळं. कोणी हलायचं नाही. आणि मग एक जण फटीपाशी तोंड नेऊन हाक मारतो. तुर्कस्तानात म्हणतात, माझा आवाज कुणाला ऐकू येतोय का? २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात ही हाक कितीतरी रात्री मारली गेली. त्या शांततेत शेकडो माणसं श्वास रोखून उभी असतात. मी एकदाच अशा शांततेत उभी राहिलेय, आणि त्या शांततेत आमच्या रोबोचा कूलिंग फॅन वाजत होता. बारीक, घरघर. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. मी हात घालून बॅटरीची वायर ओढून काढली. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे एक बटण बसवलं, ते दाबलं की रोबोतलं जे जे काही फिरतं ते सगळं थांबतं, फक्त माइक चालू. माझ्या सगळ्या पेपरांपेक्षा मला ते बटण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्यावर कुठला पेपर होण्यासारखा नाही.

त्याच ठिकाणी अजून एक झालं होतं. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो, आणि तिथल्या प्रमुखांनी आम्हाला अर्धा दिवस बाजूला बसवून ठेवलं. तेव्हा मला राग आला होता. आज त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. त्यांनी ना मला कधी बघितलेलं, ना माझ्या मशिनला, आणि त्यांच्या समोर शंभर निर्णय. आपत्तीच्या जागी ओळखी करायला जायचं नसतं, ओळखी आधीच झालेल्या लागतात. तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा सरावाच्या मैदानावर जातो, काही नवीन दाखवायला नाही, नुसतं सोबत काम करायला. ढिगारे उपसतो, होज गुंडाळतो.

करिअर म्हणून बघायचं तर हे अवघड आहे, ते लपवून काय उपयोग. मोठी आपत्ती आली की सहा महिने सगळ्यांना आठवण असते, निधी येतो, घोषणा होतात. मग हळूहळू विसर पडतो. पण रोबो बनवायला पाच वर्षं लागतात आणि विश्वास बसायला दहा. माझे चांगले विद्यार्थी गोदामांचे रोबो, गाड्यांचे रोबो बनवायला गेले, आणि मी त्यांना दोष देत नाही, घर चालवायचं असतं. राहतात ते थोडे. मर्फींनी इतकी वर्षं हे धरून ठेवलं, २००५ च्या कतरिना वादळात छोटे ड्रोन पहिल्यांदा आपत्तीत उडवण्यापासून पुढे, मोहिमेमागून मोहीम, ते बघून माझ्यासारख्या अनेकांना बळ मिळालं.

त्यांचंच एक काम मला विशेष आवडतं, आणि त्यात ढिगाराही नाही. जपानमधल्या २०११ च्या त्याच त्सुनामीनंतर मिनामिसानरिकू या गावाचं मासेमारीचं बंदर बंद पडलं होतं, पाण्याखाली काय काय वाहून आलंय कोणाला माहीत नाही, पाणबुड्यांची टीम मिळायला सहा महिने लागणार होते, म्हणजे हंगाम गेला. मर्फी आणि जपानी सहकाऱ्यांनी सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, लावलेला पाण्याखालचा छोटा रोबो सोडला आणि चार तासांत बंदर मोकळं आहे हे सांगितलं. बस, एवढंच. होड्या गेल्या समुद्रात. माणूस वाचला की त्याला दुसऱ्या दिवशी जगायचंही असतं, हे मला या गोष्टीने शिकवलं. पूल उभा आहे का, पाणी येतंय का, रस्ता कुठून सुरू आहे, ही कंटाळवाणी माहिती एक दिवस लवकर मिळाली तर गावाचे पुढचे कितीतरी महिने वाचतात.

मागच्या आठवड्यात रात्रीचा सराव होता. पाऊस पडून गेलेला, सगळं ओलं. आमची एक नवीन विद्यार्थिनी पहिल्यांदाच चालवत होती, शेजारी एक फायरमन बघायला, आणि केबलवर मी. केबलवर आम्ही प्रत्येक मीटरला रंगीत टेप लावलेली आहे, पाच मीटरला लाल, ती हातातून सरकताना मी मोठ्याने आकडा म्हणायचा असतो. केबल हातात असली की आतलं बरंच कळतं, ताण आला की वळण, ढिली पडली की उतार, बारीक थरथर म्हणजे पट्टा कशावर तरी घासतोय. अकरा. बारा. ती बोलत होती, जसं शिकवलंय तसं, कोरडं आहे, डावीकडे लाकूड, पुढे उतार, मी हळू जातेय. तेरा. मग ती गप्प झाली. केबल थांबली. मी काही विचारायच्या आत तिनं कंट्रोलरवरचा हात काढला, शांततेचं बटण दाबलं, आणि स्क्रीन शेजारच्या फायरमनकडे थोडी वळवून म्हणाली, "दादा, मला नुसते दगड दिसतायत. तुम्हाला काय दिसतंय?"

तो पुढे झुकला. मी केबल तशीच धरून उभी राहिले.